बहुतांचे सुख, एकाचे दुःख

नीती आणि धर्म या दोन शब्दांचे आपल्या मनात इतके सख्य आहे की, धर्मग्रंथाचा आधार न घेता कोणी नीतीविषयी बोलू लागले तर ऐकणारा थोडा सावध होतो. हा माणूस आता नास्तिकतेचा उपदेश करणार की काय, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तसा कोणताही हेतू या लेखामागे नाही. प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. आपल्या बडोद्यात मांडवीपासून चारी दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मराठी, गुजराती, हिंदू, मुसलमान, जैन, पारशी, ख्रिस्ती अशी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. प्रत्येकाचा ग्रंथ वेगळा, उपवासाचा दिवस वेगळा, पाप-पुण्याचा हिशेब वेगळा. परंतु नळाचे पाणी, रस्ता, शाळा आणि दवाखाना सर्वांना एकच. या सामाईक गोष्टींविषयी निर्णय घ्यायचा तेव्हा कोणाच्या ग्रंथाचा आधार घ्यावा? आणि कोणाचाच घ्यायचा नसेल, तर योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवायचे कशावरून?

या प्रश्नाला दिले गेलेले एक उत्तर म्हणजे उपयुक्ततावाद. हे उत्तर पूर्ण आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु वैद्यकीय व्यवसायात चाळीस वर्षे घालवल्यावर मला असे वाटते की, आपण डॉक्टर मंडळी या विचाराचे नाव न घेता रोज त्याचा अवलंब करीत असतो. आणि म्हणूनच त्याची ताकद व त्याचे धोके, दोन्ही आपण इतरांपेक्षा अधिक जवळून पाहतो.

बेंथॅम आणि मिल

इंग्लंडमधील विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराची मांडणी केली. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवावे. त्या कृतीचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सर्वांच्या सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी करावी. आणि हा हिशेब करताना राजा असो वा रंक, प्रत्येकाला एकच गणावे, असे या विचाराचे सार सांगता येईल. यातील शेवटचा भाग सर्वांत क्रांतिकारक होता. जन्माने श्रेष्ठ-कनिष्ठ मानणाऱ्या कोणत्याही समाजाला तो पचणे कठीणच.

डॉक्टरांना बेंथॅम यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. ६ जून १८३२ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे विच्छेदन जाहीर व्याख्यानात करण्यात आले. त्या काळी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी फाशी गेलेल्या गुन्हेगारांची प्रेते मिळत, आणि तीही न पुरल्याने कबरी उकरून प्रेते चोरण्याचा धंदाच सुरू झाला होता. मृत देहाचा जिवंतांना उपयोग व्हावा, ही गोष्ट या गृहस्थांनी केवळ लिहून न ठेवता स्वतःच्या देहावर करून दाखवली. आज देहदानाच्या अर्जावर सही करणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच वाटेने चाललेला असतो.

बेंथॅम यांचा वारसा जॉन स्टुअर्ट मिल यांनी चालवला. त्यांचा 'उपयुक्ततावाद' हा छोटा ग्रंथ पुस्तकरूपाने १८६३ मध्ये निघाला. मिल हे १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होते आणि हिंदुस्थानातील संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार दीर्घकाळ त्यांच्या हाताखालून जात असे. ज्यांच्या कारभाराचे मसुदे ते करीत, त्या प्रजेला कारभारात काहीच बोलण्याचा अधिकार नव्हता, ही त्यातली विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतरांच्या सुखाचा हिशेब त्यांना न विचारता मांडण्याचा मोह या विचारात पहिल्यापासूनच दडलेला आहे.

आगरकर आणि टिळक

हा विचार मराठीत नवा नाही. १८५६ च्या एकाच जुलै महिन्यात जन्मलेल्या दोन मित्रांनी त्याच्याकडे दोन बाजूंनी पाहिले. गोपाळ गणेश आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांचा मोठा प्रभाव होता. १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारक'मधून त्यांनी बालविवाह, केशवपन, विधवांची स्थिती यांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचा मुख्य प्रश्न एकच असे : या रूढीने कोणाला किती दुःख होते, आणि त्या दुःखाच्या बदल्यात कोणाचे काय भले होते? शास्त्रात काय लिहिले आहे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता. वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ मध्ये, ते गेले.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच मताची सविस्तर चिकित्सा केली आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख हे तत्त्व राज्यकारभारात व कायदे करताना उपयोगी आहे, हे त्यांना अमान्य नव्हते. मात्र नीतीचे ते अंतिम माप होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी आणि पांडवांचे सात. म्हणून काय केवळ संख्येवरून कौरवांचा पक्ष न्याय्य ठरवायचा? शिवाय, परिणाम चांगला झाला तरी कर्त्याची बुद्धी शुद्ध नसेल तर त्या कृत्याला नैतिक म्हणता येईल काय?

टिळकांच्या या आक्षेपांतील पहिल्याला उत्तर देता येते. उपयुक्ततावाद म्हणजे हात वर करून मते मोजणे नव्हे. दुःखाची तीव्रता, त्याचा काळ आणि पुढील पिढ्यांवरचा परिणाम हे सारे त्या हिशेबात येते. दुसरा आक्षेप मात्र बळकट आहे. रुग्णाला बरे वाटावे म्हणून औषध देणारा आणि केवळ बिल वाढावे म्हणून तेच औषध देणारा, या दोघांचा परिणाम एकच झाला तरी आपण त्यांना एका पंक्तीला बसवीत नाही. तरीसुद्धा सार्वजनिक जीवनात, जिथे कोणाच्या मनात काय आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, तिथे परिणामांकडे पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पुणे १८९७, उंढेरा १८९८

हा वाद केवळ ग्रंथांत राहिला नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग निघाला आणि पश्चिम हिंदुस्थानात पसरला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात साथ आटोक्यात आणण्यासाठी रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेण्यात आल्या. रोग्यांना इस्पितळात व घरच्यांना विलगीकरणाच्या छावण्यांत हलवण्यात आले, सामान जाळण्यात आले. साथीच्या शास्त्राच्या दृष्टीने रोगी वेगळे करण्यात काही चूक नव्हती. पुष्कळांचा जीव वाचावा हाच त्यामागचा उघड हिशेब होता. परंतु देवघरात बूट घालून शिरलेल्या सोजिराने घरातील बायकांना जी भीती व लाज वाटायला लावली ती त्या हिशेबात कोणी मांडलीच नाही. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. याच साथीत, रोग्यांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी मरण पावल्या होत्या. सक्तीचा हिशेब आणि स्वेच्छेचा त्याग, दोन्ही पुण्यातच आणि एकाच वर्षात दिसून आले.

त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, आपल्या बडोदा संस्थानात एक घटना घडली. तिची आठवण आपल्या शहरात फारशी ठेवली गेलेली नाही. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांनाही ती दिली गेली आणि परिणाम आशादायक दिसला. तथापि टीकाकार म्हणत की, टोचून घेणारे आणि न घेणारे मुळात सारखे नसतात. जो जागरूक असतो तोच पुढे येतो. या शंकेचे निरसन करण्यासाठी हाफकिन व त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी बडोद्यापासून सुमारे सहा मैलांवरील, प्लेग शिरलेले उंढेरा हे खेडे निवडले. गावातील लोकांना कुटुंबवार बोलावून, वय, लिंग व प्रकृती यांचा शक्य तितका मेळ घालून, प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना तसेच ठेवण्यात आले. एकच घर, एकच अन्न, एकच ओसरी. फरक फक्त लसीचा.

त्यानंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांतील आकडे असे होते. लस टोचलेली माणसे ७१. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न टोचलेली ६४; त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. न टोचलेल्यांच्या प्रमाणात टोचलेल्यांत मृत्यू झाले असते तर ते २९ च्या घरात गेले असते. प्रत्यक्षात झाले तीन. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के घट.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात तुलनात्मक चाचणीची चर्चा निघाली की १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे नाव घेतले जाते. तिच्या पन्नास वर्षे आधी आपल्या गावच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर, आजच्या कसोट्यांना पूर्णपणे उतरणार नाही पण त्याच दिशेने जाणारा प्रयोग झाला होता. लसीवरील विश्वास वाढण्यास त्याने मोठे साहाय्य केले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईच्या प्रयोगशाळेतून या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या, असा हिशेब दिला जातो.

ती सव्वीस माणसे

आता विचार करावा तो त्या सव्वीस जणांचा. त्यांना लस मिळाली असती तर त्यांतील बहुतेक जगले असते, हे आज आपण त्यांच्याच मृत्यूवरून सांगू शकतो. त्यांच्या मरणाने लाखोंना उपयोग झाला. मग उपयुक्ततावादी हिशेबाने हे योग्यच झाले, असे म्हणून वही मिटवायची का?

मला वाटते, हिशेब इतका सोपा नाही. १९४८ च्या चाचणीत तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या रुग्णांच्या बाजूने एक भक्कम कारण होते : ब्रिटनमध्ये ते औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच. काहींना ते मिळणार नव्हतेच, तर निदान त्यातून ज्ञान तरी मिळावे. शिवाय ते खरोखर गुणकारी आहे की नाही हे तेव्हा कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. उंढेऱ्याच्या वेळी भायखळ्याचा अनुभव हाताशी होता, म्हणजे तराजूचे पारडे थोडे तरी झुकलेले होते. हाफकिन यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वतःच्या देहावर पहिली सुई घेणारा माणूस इतरांना केवळ साधन मानीत होता, असे मी म्हणणार नाही. पण आज आपण जिला माहितीपूर्ण संमती म्हणतो ती कल्पना वैद्यकशास्त्रात प्रतिष्ठित व्हायला १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ ची हेलसिंकी घोषणा यावी लागली. उंढेऱ्यातील शेतकऱ्याला, तुझ्या धाकट्या भावाला सुई दिली आणि तुला का नाही, याचे कारण त्याच्या भाषेत समजावून सांगून त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हे त्या काळच्या शास्त्राच्या कर्तव्यात बसत नव्हते.

इथे उपयुक्ततावादातील पहिली दुरुस्ती आपल्याला सापडते. ज्याच्या दुःखातून इतरांचे सुख निर्माण होणार आहे, त्याला आधी विचारले पाहिजे. देहदानात बेंथॅम यांनी स्वतःचा देह दिला, दुसऱ्याचा नाही, हे विसरता कामा नये.

हाफकिन यांच्याच आयुष्यात हा धडा उलट्या बाजूने आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. संशय प्रयोगशाळेवर घेण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. लोकक्षोभ शमवण्यासाठी एकाचा बळी देणे हाही एक प्रकारचा 'बहुतांच्या समाधाना'चा हिशेबच होता. तो हिशेब खोटा निघाला, आणि त्या एकाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे मात्र परत आली नाहीत.

सप्टेंबर १९१७

बडोद्याने या नीतिविचाराची आणखी एक, अधिक कठोर परीक्षा पाहिली आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. पालकांच्या आजच्या नाराजीपेक्षा मुलांच्या उद्याच्या कल्याणाला अधिक वजन देणारा हा निर्णय होता. याच दरबारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकण्यास गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले.

पुढील हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाला शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा केली. दोघांनीही आपापल्या घरातील अडचण सांगितली. कमाटी बागेत काही तास काढून त्यांनी संध्याकाळची मुंबईची गाडी धरली.

उपयुक्ततावादाचा विरोधक इथे विचारील, 'सांगा, आता तुमचा हिशेब काय म्हणतो?' एका बाजूला धर्मशाळेतील माणसे, दोन मित्रांची कुटुंबे, कचेरीतील सहकारी. या सर्वांना त्यांच्या वास्तव्याने अस्वस्थता वाटत होती. दुसऱ्या बाजूला एकटा माणूस. डोकी मोजली तर त्यांना घालवणेच 'बहुतांच्या सुखा'चे ठरते.

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय विभागलेल्या समाजात या विचाराला उभे राहण्याचा हक्क नाही. माझ्या मते उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. पहिली पायरी म्हणजे हिशेब नीट करणे. शेजाऱ्याच्या जातीमुळे वाटणारी नाखुशी आणि रात्री डोक्यावर छप्पर नसण्याचे दुःख ही एका तराजूत समान नाहीत. शिवाय संस्थानने ज्याच्या शिक्षणावर खर्च केला त्याची सेवा संस्थानला गमवावी लागली आणि उच्च शिक्षण घेऊनही मान मिळत नाही हे हजारो मुलांनी पाहिले. या तोट्याची नोंद कोण करणार?

पण समजा, एखाद्याने सर्व नोंदी करूनही बेरीज उलटी काढून दाखवली, तर? तेव्हा दुसरी पायरी. अर्थशास्त्राचे १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉन हर्सानयी हे स्वतः उपयुक्ततावादी होते. तरी त्यांनी असा आग्रह धरला की द्वेष, मत्सर, दुसऱ्याच्या हानीतून मिळणारे समाधान या गोष्टी सामाजिक हिशेबात धरूच नयेत. प्रत्येकाला एक गणायचे हे ज्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे, त्याच वहीत 'अमुक माणूस एक नव्हेच' ही भावना जमेच्या बाजूला कशी लिहिता येईल? ही दुसरी दुरुस्ती. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली ती बहुमताची सोय पाहून नाही. काही गोष्टी बेरजेच्या बाहेर काढून त्यांना कुंपण घातल्यावरच बेरजेला नैतिक अर्थ येतो. मिल यांनाही बहुमताच्या जुलमाची भीती होती. १८५९ च्या त्यांच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचा गाभा तोच आहे.

दवाखान्यातील तराजू

आपल्या व्यवसायात हा तराजू रोज हातात असतो. विद्यार्थ्यांना एक कल्पित उदाहरण दिले जाते : पाच रुग्ण निरनिराळ्या अवयवांवाचून मरणोन्मुख आहेत आणि किरकोळ तपासणीसाठी एक निरोगी तरुण आला आहे. त्याचे अवयव काढून पाच जण वाचवावेत काय? 'नाही' हे उत्तर क्षणात येते. कारण सांगायला मात्र वेळ लागतो. असे एकदा जरी घडले तरी कोणीही दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे एक कारण. आणि गुपचूप घडले तरी ते चूकच, कारण तो तरुण म्हणजे अवयवांचा साठा नाही, हे दुसरे. १९९४ चा आपला अवयव प्रत्यारोपण कायदा दात्याच्या संमतीवर उभा आहे तो याचसाठी.

उलट, जिथे वाटपच करायचे आहे तिथे परिणामांचा हिशेब टाळणे हाच अन्याय होतो. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा आधी आरोग्यसेवक, मग इतर आघाडीचे सेवक, आणि १ मार्चपासून साठीपुढचे नागरिक व सहव्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे, असा क्रम लावण्यात आला. हा क्रम जात, धर्म, भाषा विचारीत नव्हता. धोका कोणाला अधिक आणि कोणाला वाचवल्याने इतर वाचतील, एवढेच विचारीत होता. ओळीत उभे राहिलेल्या कोणालाही तो समजावून सांगता येत होता. विभागलेल्या समाजाला नीतीचा पाया हवा असेल तर त्याचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो : कारण उघडपणे सांगता येणे, आणि ते ऐकणाऱ्याचा ग्रंथ कोणताही असला तरी त्याला कळणे.

काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय रुग्णालयाच्या समितीवर मी होतो. तिथे एका ज्ञातीच्या फंडातून डायलिसिसचे यंत्र मिळाले होते. अट अशी की ते ज्ञातिबांधवांसाठी राखून ठेवावे. देणाऱ्यांची भावना मी कमी लेखत नाही. आपल्या माणसांसाठी पै-पै जमवणे हीही नीतीच आहे. परंतु आठवड्यातील कित्येक पाळ्यांत ते यंत्र रिकामे राही, आणि बाहेरच्या बाकावर दुसऱ्या ज्ञातीचा रुग्ण सूज आलेले पाय घेऊन बसलेला असे. समितीत बराच वाद झाला. अखेर एका वयोवृद्ध विश्वस्तांनी फंडाच्या मंडळींना बोलावून फक्त नोंदवही दाखवली : किती पाळ्या रिकाम्या गेल्या आणि त्या काळात किती रुग्ण परत पाठवले. कोणी भाषण केले नाही. मंडळींनी दोन अटी घातल्या. ज्ञातीच्या रुग्णाची पाळी चुकू नये, आणि रिकाम्या पाळीत कोणाला घ्यायचे ते नाव न पाहता केवळ प्रकृती पाहून ठरवावे. दुसरी अट आम्हाला सुचलीच नव्हती. ती त्यांनी घातली.

या प्रसंगातून दिसते ते एवढेच की, माणसे आपल्या निष्ठा सोडून देत नाहीत आणि त्यांनी त्या सोडाव्यात अशी अपेक्षाही करू नये. आई आपल्या मुलाचे औषध आधी मागणारच. पण परिणामांची वही उघडून समोर ठेवली, तर निष्ठेच्या कुंपणाला एक फाटक ठेवायला पुष्कळ लोक तयार होतात.

पाया नव्हे, जोते

मग उपयुक्ततावाद हा आधुनिक समाजाचा नैतिक पाया होऊ शकेल काय? ज्ञानेश्वरीच्या पारायणातून, नमाजातून, नवकार मंत्रातून माणसाला मिळणारे बळ हा विचार देऊ शकणार नाही. रोग्याच्या उशाशी रात्रभर बसण्याची प्रेरणा कोणाला बेरीज-वजाबाकीतून आलेली मी पाहिली नाही. तो पाया ज्याचा त्याने आपल्या घरात शोधावा. परंतु सामाईक इमारतीला जमिनीच्या पातळीवर एक जोते लागते, जिथे सर्व बाजूंच्या भिंती एका रेषेत येतात. ते जोते म्हणून या विचाराचा उपयोग निश्चित आहे, पण काही अटींवर : प्रत्येकाला एक गणावे, ज्याच्यावर भार पडणार त्याला आधी विचारावे, द्वेषाला हिशेबात जागा देऊ नये, आणि वही सर्वांना पाहता यावी. पुण्यात १८९७ मध्ये दुसरी अट मोडली, बडोद्यात १९१७ मध्ये पहिली आणि तिसरी. उंढेऱ्याचे आकडे प्रसिद्ध झाले म्हणून निदान चौथी पाळली गेली, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतर आपण त्या सव्वीस जणांविषयी बोलू शकतो.

बडोद्याने १९६९, १९८२ आणि २००२ मध्ये दंग्यांचे दिवस पाहिले. त्या दिवसांत अपघात विभागात काम केलेल्या डॉक्टरांना विचारावे. जखमेवर टाके घालताना नाव विचारावे लागते ते केसपेपरसाठी. टाक्यांची संख्या त्यावरून ठरत नाही. इतकी साधी गोष्ट जर दवाखान्याच्या चार भिंतींत शक्य होते, तर तिचा थोडा अंश बाहेर नेणे अशक्य मानू नये.

जाता जाता आपल्या मंडळींसमोर एक विचार ठेवतो. आपल्यासारख्या मराठी संस्थांचे वैद्यकीय साहाय्याचे निधी असतात आणि ते आपल्या माणसांच्या कष्टाच्या पैशांतून उभे राहतात. त्यांवर आपल्या माणसांचा पहिला हक्क राहावा, हे मला मान्य आहे. पण वर्षअखेरीस जी रक्कम शिल्लक राहते ती पुढील सालात ओढण्याऐवजी, भाषा व आडनाव न विचारता केवळ निकड पाहून द्यावी, आणि किती दिली याचा तक्ता दरवर्षीच्या अहवालात छापावा. रक्कम लहान असेल. ज्याला ती मिळेल त्याच्या घरी मात्र त्या महिन्याचे औषध येईल.